गिनिपिगचं अंथरूण आणि माझी एकतीस वर्षांची नोकरी

४ मार्च, मंगळवार. सकाळी

डॉक्टरांनी रोज बीपी लिहून ठेवायला सांगितलं म्हणून मुलाने ही वही आणून दिली. दोनशे पानी. बीपीला दोनशे पानं कशाला लागतात? वरचा आकडा, खालचा आकडा, संपलं. उरलेल्या जागेत मी माझं लिहिणार. वाचायला कोणी येणार नाही. चौथीपर्यंतचं अक्षर माझं, कधीकधी मलाच लागत नाही.

बीपी: नंतर मोजते.

घरात दोन गिनिपिग आले आहेत! उंदराहून मोठे, सशाहून लहान, शेपूट नाही, मान नाही, नुसते दोन उशीचे कोपरे. बिट्टीच्या मैत्रिणीचं बिऱ्हाड दुसरीकडे गेलं, तिथे प्राणी चालत नाहीत, म्हणून पिंजऱ्यासकट आमच्याकडे. बिट्टी म्हणजे माझी नात, वय नऊ. तिने त्यांना इंग्रजी नावं ठेवली आहेत, ती माझ्या जिभेवर बसत नाहीत. मी पांढरीला कापशी म्हणते आणि तपकिरीला ढेकळी. हाक मारली की बघत नाहीत, पण इंग्रजीतून मारली तरी बघत नाहीत.

पिंजरा मोठा, म्हणून हॉलमध्ये सोफ्याशेजारी ठेवला. सूनबाईने लगेच नाकाला रुमाल लावला. म्हणाली, एक महिना. तीस तारखेच्या रविवारी संध्याकाळी मी स्वतः वास घेऊन बघणार. वास आला तर माझ्या ऑफिसातल्या एक बाई आहेत, त्यांच्या घराला अंगण आहे, त्या न्यायला तयार आहेत. बिट्टीचा चेहरा एवढासा झाला. माझ्याच्याने बघवेना. मी म्हटलं, अंथरुणाची जबाबदारी माझी.

सगळे माझ्याकडे बघायला लागले. सूनबाई म्हणाली, आई, तुमचे गुडघे. मी म्हटलं, धुवायला गुडघे लागत नाहीत, अक्कल लागते.

एकतीस वर्षं हॉस्पिटलच्या लाँड्रीत काढली मी. दिवसाला चारशे चादरी. त्यात काय काय असायचं ते इथे लिहीत नाही. आणि हे दोघं तर माझ्या चपलेएवढे.

५ मार्च, बुधवार

बिट्टीबरोबर प्राण्यांच्या दुकानात गेले. त्यांना खाली फ्लीस घालतात. फ्लीस म्हणजे थंडीच्या जाकिटाला आतून असतं ना मऊ, ते. त्याच्याखाली जुने टॉवेल. त्यांनी शू केली की ती फ्लीसमधून खाली टॉवेलात उतरते आणि वरून कोरडं राहतं. असं दुकानातल्या मुलीचं म्हणणं. तिने चिठ्ठी लिहून दिली. नवं फ्लीस आधी तीन वेळा गरम पाण्यात धुवा. सॉफ्टनर घालू नका. लेंड्या रोज झाडा. गवत आणि केस झटकल्याशिवाय मशीनमध्ये टाकू नका. तीन-चार दिवसांनी बदला.

मी विचारलं, बाळ, या कामात तुला किती वर्षं झाली? म्हणाली, दोन. मी नुसती हसले.

फ्लीस पांढरं घेतलं, दोन तुकडे. ती म्हणत होती गडद रंग घ्या, डाग दिसत नाहीत. डाग दिसला नाही तर धुणाऱ्याला कळणार कसं? ही दोन वर्षांची आणि एकतीस वर्षांची तफावत.

बीपी: ठीक असावं.

७ मार्च, शुक्रवार

दोन्ही फ्लीस धुतली. एकदाच. तीन वेळा धुणं हे पहिल्या वेळी नीट न धुणाऱ्यांसाठी असतं.

सॉफ्टनर घातला नाही. चिठ्ठीत नको म्हटलं आहे, मी हट्टी नाही. खळ घातली. खळीचं चिठ्ठीत नाव नाही, म्हणजे हरकत नाही. आमच्याकडे बिनखळीची चादर वॉर्डात जाऊच शकत नव्हती. मोठ्या डॉक्टरांचे कोट तर मी असे करायची की डॉक्टर आत नसले तरी कोट राउंडला जाईल.

दोरीवरून फ्लीस काढलं ते दोरीच्याच आकाराचं राहिलं. जमिनीवर ठेवलं तर तंबूसारखं उभं. इतकं छान! बिट्टीला दाखवलं. तिने त्यावर बोटाने टकटक करून बघितलं.

पिंजऱ्यात घालून चारी कोपरे हॉस्पिटलसारखे दुमडून खोचले. कापशीने पाऊल टाकलं आणि घसरत पलीकडच्या भिंतीपर्यंत गेली. खेळकर आहे. ढेकळी अंथरूण चाटत बसली. आवडलं.

८ मार्च, शनिवार

सकाळी पिंजऱ्याच्या मधोमध तळं. खालचा टॉवेल ठणठणीत कोरडा. मी सगळ्यांना बोलावून दाखवलं, बघा, एक थेंब खाली जाऊ दिला नाही. बिट्टी म्हणाली, आजी, खालीच जायला पाहिजे ना गं! मी म्हटलं, तो दुकानाचा विचार झाला.

कापशी तळ्यात बसली होती. सूनबाईने खिडकी उघडली. मग दुसरी खिडकी उघडली.

ठरवलं: पुढच्या वेळी खळ किंचित पातळ.

१० मार्च, सोमवार

पातळ खळीचं कापड काल दुपारी घातलं. आज सकाळी बघते तर कोरडं! हात फिरवला, मऊसुद्धा. खळ मुरली की असंच होतं, वेळ द्यावा लागतो. आजकालच्या मुलांना दम नाही.

बिट्टी नाश्त्याला जांभया देत होती. अभ्यास फार देतात.

११ मार्च, मंगळवार

इस्त्री राहिली होती, ती आज केली.

कपड्याला इस्त्री लावली की तो थोडा विरोध करतो, हे धंद्यातल्या माणसाला माहीत असतं. म्हणून मी दाबून धरली. उचलायला गेले तर फ्लीसही बरोबर उचललं गेलं. खाली इस्त्रीच्या आकाराची खिडकी. टेबलाचं लाकूड दिसत होतं तिच्यातून. हे कापड नाहीच मुळी, प्लॅस्टिक आहे. कापूस असता तर त्याने ऐकलं असतं.

घरभर जळका वास सुटला. मुलगा लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत आहे, त्याला वायरींची फार धास्ती. घरी आल्या आल्या सगळे प्लग हुंगत फिरला. मी म्हटलं, शेजारून येत असेल.

खिडकीला जुन्या निळ्या गाऊनचं ठिगळ लावलं. बारीक टाका घातला. आता ते फ्लीस कुठेही ठेवलं तरी माझंच म्हणून ओळखू येईल. इस्त्रीच्या तळाला चिकटलेलं खरवडते आहे. अजून थोडं राहिलं आहे.

१४ मार्च, शुक्रवार

मशीन बंद पडलं. पाणी सोडेना. आत डोकावलं तर सूप केल्यासारखं, वर गवत तरंगतंय.

मेकॅनिक आला. खालचं झाकण काढून त्याने एक गोळा बाहेर काढला. केस, गवत, चार लेंड्या, माझं एक बटण. गोळा एवढा होता की बिट्टीने आधी पिंजऱ्यात बघितलं, दोघी जागेवर आहेत का. मेकॅनिक म्हणाला, आजी, अंगावरचे कपडे धुता का जनावर? मी म्हटलं, नीट बोल, तुझ्या जन्माआधीपासून मशीन चालवते मी. तो म्हणाला, मग झटकून टाका ना. मी म्हटलं, झटकलं होतं. (एकदा झटकलं होतं. हॉस्पिटलात झटकायला वेगळा माणूस होता. मी धुण्याची होते.)

सूनबाईचे ऑफिसचे दोन टॉप त्याच पाण्यात भिजत होते. तिने ते बाहेर काढले, एकावरचं गवत वेचलं, आणि म्हणाली, राहू द्या आई. ती रागावली असती तर बरं वाटलं असतं.

बीपी: मशीनच्या गडबडीत राहिलं.

१६ मार्च, रविवार

नवा विचार. धुवायचं कशाला, घाणच करू द्यायची नाही. दोघींना एका कोपऱ्यात शू करायची सवय लावणार. मुलाला तो दीड वर्षाचा असताना मी लावली होती.

सकाळी नऊ ते साडेअकरा पिंजऱ्यासमोर खुर्ची टाकून बसले. कोपऱ्यात छोटं ताट ठेवलं. कापशीने ताटात गवत खाल्लं. ढेकळी ताटात झोपली. शेवटी ढेकळीला मांडीवर घेऊन समजावून सांगितलं. ती लक्ष देऊन ऐकत होती. मग गरम गरम लागलं.

गाऊन बदलला. पण मांडी ही एक ठरावीक जागाच झाली, म्हणजे सुरुवात चांगली आहे.

मुलगा म्हणाला, आई, मी तीन वर्षांपर्यंत चड्डी ओली करत होतो, तूच सांगतेस सगळ्यांना. याला नको तेच लक्षात राहतं.

१८ मार्च, मंगळवार

अंथरूण सलग आठवडाभर कोरडं. वास म्हणाल तर नुसता गवताचा. पातळ खळ, बारीक शिलाई, कडक शिस्त.

बिट्टी उद्या शाळेच्या सहलीला जाणार, दोन रात्री बाहेर. आजच चारदा म्हणाली, आजी, मी येईपर्यंत अंथरूण बदलू नकोस हं. आजच घातलंय, चालेल शुक्रवारपर्यंत. किती काळजी करते माझी! मी म्हटलं, तू निश्चिंत जा. सूनबाईला बाजूला घेऊन तिच्या कानात काहीतरी पुटपुटली. सूनबाई म्हणाली, अगं, माझंच ऑडिट आहे दोन दिवस, रात्री नऊ वाजणार मला. मला काय कळलं नाही, मी विचारलंही नाही. माय-लेकींचं असतं काहीतरी.

१९ मार्च, बुधवार

बिट्टी येईपर्यंत तिला चकित करायचं ठरवलं. पांढरं फ्लीस पिवळट दिसायला लागलं होतं. पांढरं कापड पिवळं पडलं की त्याला एकच औषध, नीळ. चिठ्ठीत निळीचं नाव नाही.

घातली. धरेना. पुन्हा घातली. पाणी आकाशासारखं झालं आणि कापड मात्र तसंच. मग अर्धी बाटली. त्यावर जाड खळ, नीळ धरून ठेवायला. ढगाळ होतं, पूर्ण वाळलं नाही, पण दमटच घातलं. अंगाच्या उबेने वाळतं, लहान बाळांचं नाही का.

काय दिसतंय म्हणून सांगू! निळसर पांढरं. मोठ्या बाई, आमच्या सुपरवायझर, असत्या तर सगळ्यांना गोळा करून दाखवलं असतं.

२० मार्च, गुरुवार. सकाळी

कापशी निळी पडली आहे.

पोट निळं. चारी पाय निळे. हनुवटीसुद्धा. हॉस्पिटलात एवढी वर्षं काढली, निळं पडणं म्हणजे काय ते मला माहीत आहे. मुलगा ड्युटीवर, सूनबाईचं ऑडिट. बिट्टीला काय सांगू? बुटाच्या खोक्यात टॉवेल घातला, तिला ठेवलं, टॅक्सी केली. ड्रायव्हरला म्हटलं, पेशंट सीरियस आहे. त्याने खोक्यात बघितलं आणि बिचाऱ्याने खरंच जोरात हाणली.

त्याच दिवशी, दुपारी

जनावरांच्या डॉक्टरांनी कापशीला उलटी धरली, सुलटी धरली. मग ओल्या कापसाने पोट पुसलं. कापूस निळा झाला. पोट पांढरं झालं. त्यांनी कापसाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि विचारलं, आजी, हिला झोपवता कशावर? मी म्हटलं, पांढऱ्याशुभ्र अंथरुणावर. त्यांनी आतून मदतनीस बाईंना बोलावलं आणि म्हणाले, हे बघून जा जरा.

दोघं हसत होते. मीही हसले. जीव भांड्यात पडला होता.

मग त्यांनी तिचा पाय उलटा करून तळवा दाखवला. निळीखाली लाल झाला होता. म्हणाले, ओल्या अंथरुणावर उभी राहिली आहे ही. अजून चार दिवस असंच गेलं असतं तर जखम होऊन पिकलं असतं. यांच्या पायाची जखम लवकर भरत नाही. मलम दिलं.

टॅक्सीत येताना कापशी माझं बोट धरून बसली होती. म्हणजे चावत होती, पण हळू.

तळव्याचं मी घरी सांगितलेलं नाही. इथे लिहिते आहे तेवढंच.

२१ मार्च, शुक्रवार

बिट्टी आली. चप्पल न काढता पिंजऱ्याशी गेली. ढेकळी पाठमोरी होती तरी खालून निळी दिसत होती. मी म्हटलं, थोडी नीळ लागली आहे, डॉक्टर म्हणाले तब्येत ठणठणीत. बिट्टी म्हणाली, आजी, तू डॉक्टरकडे एकटी गेलीस? मी म्हटलं, टॅक्सीने. ती माझ्या कमरेला मिठी मारून उभी राहिली. मग मलम दिसलं तिला. वाचता येतं ना तिला सगळं.

ट्यूब होती तिथे परत ठेवली. आईसारखीच आहे.

ठरवलं: नीळ कायमची बंद. खळ निम्मी. इस्त्री आधीच बंद आहे, ती सूनबाईने कुठेतरी वर ठेवली आहे.

२६ मार्च, बुधवार

बिट्टी आल्यापासून पुन्हा सगळं चकाचक. मुलीचा पायगुण चांगला आहे. अंथरूण कोरडं, तळवा गुलाबी, वास नाही. निम्मी खळ हेच खरं प्रमाण, आता मला सापडलं. रविवार झाला की दुकानातल्या त्या मुलीकडे जाऊन चिठ्ठी दुरुस्त करून देणार आहे. तिचा दोष नाही, तिला सांगणारं कोणी नव्हतं.

२९ मार्च, शनिवार

उद्या निकाल. बिट्टी जेवली नाही. मी म्हटलं, अगं, मी आहे ना. ती म्हणाली, हो आजी. पण जेवली नाहीच.

बीपी: आज खरंच मोजलं. लिहिण्यासारखं नाही.

३० मार्च, रविवार

सूनबाईने संध्याकाळी रुमाल न लावता पिंजऱ्यावर वाकून वास घेतला. एकदा. दोनदा. मग गुडघ्यावर बसून खालच्या कोपऱ्याशी घेतला. बिट्टीने माझा हात एवढा दाबला की अंगठी रुतली. सूनबाई उठली आणि म्हणाली, राहू देत. वास नाही.

बिट्टी किंचाळली, दोघी पिंजऱ्यातून किंचाळल्या, मुलाने टाळ्या वाजवल्या. मी चार शब्द बोलायचं ठरवलंच होतं. म्हटलं, सूनबाई, याला म्हणतात अनुभव. मी तर जळलेलं कापडसुद्धा फुकट घालवलं नाही, ठिगळ लावून वापरलं, आणि बघ, कळतंय का कुठे आहे ते? कालच मी माझ्या हाताने घातलंय. असं म्हणून दाखवायला फ्लीस उचललं.

ठिगळ नव्हतं.

इकडचा कोपरा उचलला, तिकडचा उचलला. नाही. कोपरे खोचलेलेही नव्हते, क्लिपा लावल्या होत्या. मी म्हटलं, माझं ठिगळ कुठे गेलं? मुलगा एकदम फोन बघायला लागला.

मग बिट्टी रडायला लागली आणि सगळं बाहेर पडलं. नऊ तारखेपासून. मी खळ घातलेलं अंथरूण घातलं की मी झोपल्यावर ती ते काढायची आणि तसलंच पांढरं दुसरं घालायची, चिठ्ठीप्रमाणे तीन वेळा गरम पाण्यात धुतलेलं. मला संशय येऊ नये म्हणून मुद्दाम पांढरं. तीन वेळा धुवायची सूनबाई. मी संध्याकाळी देवळात जावं तशी नेमाने फिरायला जाते, तेव्हा मुलगा गच्चीवर वाळत घालायचा. माझी खळीची कापडं सूनबाईच्या कपाटात मागे उभी करून ठेवली आहेत. घडी होत नाही म्हणे त्यांची.

मी सूनबाईला विचारलं, तुला तर घालवायचे होते ना हे दोघं? नुसतं गप्प बसली असतीस तरी गेले असते. ती पदर नसताना पदर सारखा केल्यासारखं काहीतरी करून म्हणाली, तुम्ही जबाबदारी घेतली होती आई. सगळ्यांसमोर.

मग मुलगा म्हणाला, आई, आता तू आराम कर, अंथरुणाचं बिट्टी बघेल. तू त्यांना मांडीवर घेत जा फक्त. एकदा रिटायर झाले तेव्हा हारतुरे होते, भाषणं होती. या वेळी मुलगा उठून टीव्ही लावायला गेला.

मी म्हटलं, बरं.

३१ मार्च, सोमवार. सकाळी सहा

रात्री विचार केला. गिनिपिग राहिले, बिट्टी हसली, हे झालंच ना? ते काही कमी नाही. पण नुसती मांडी म्हणून राहणं मला जमणार नाही.

बिट्टी उठल्याबरोबर तिच्याकडे गेले आणि म्हटलं, काहीतरी काम दे. तिने डोळे चोळत विचार केला. म्हणाली, आजी, झटकशील? गवत आणि केस. बाल्कनीत. पण धुवायचं नाही हं, आणि काहीही घालायचं नाही. मी म्हटलं, कबूल. ती म्हणाली, आठवडाभर ट्रायल. नीट जमलं तर पुढे बघू.

मी एकतीस वर्षं नोकरी केलेली बाई. म्हटलं, चालेल, बाईसाहेब.

सकाळी सव्वासात

एक फ्लीस झटकलं. वीस वेळा. शाळेत जायच्या आधी बिट्टीने उजेडात धरून तपासलं. दोन चुका निघाल्या.

त्यातली एक मला मान्य नाही.